शाहीनचं बोट

दत्तोपंतांनी आपल्या फोटो स्टुडिओतल्या काउंटरवरच्या हिरव्या फडक्यावर दोन लेन्स ठेवल्या. "यातली एक तुझी. हिवाळाभर माझं फोटो मोठे करायचं एन्लार्जर खोलून दुरुस्त करत बसला होतास, त्याबद्दल. पण एकच हं. लग्नसराई तोंडावर आली आहे."

ज्ञानूनं आधी धाकटी उचलली. साडेतेरा सेंटिमीटरची, नवी, जर्मन; काचेवर निळसर लेप. थोरली चाळीस सेंटिमीटरची, जवळजवळ हातभर लांब. बंद पडलेल्या एका सिनेमा कंपनीच्या लिलावातून दत्तोपंतांनी ती आणली होती आणि आपल्या कॅमेऱ्याला बसावी म्हणून तिला लेथवाल्याकडून पितळी कडं करून घेतलं होतं.

"माझं ऐकशील तर निळी घे," दत्तोपंत म्हणाले. "या थोरलीनं भल्याभल्या नट्यांची वयं दहा वर्षांनी खाली आणली आहेत. तुझ्या पाखराला नसलेलं बोटही फुटेल हिच्यातून."

ज्ञानू हसला, पण सारा प्रश्न त्या बोटाचाच होता.

ज्ञानू कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता. त्याचे वडील गणपतराव मात्र संस्थानच्या शिकारखान्यात ससाण्यांची निगा राखण्यात म्हातारे झालेले. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला आणि पाखरं सोडून द्यायचा हुकूम आला. बिजली नावाची शाहीन जातीची मादी गणपतरावांनी पन्हाळ्यावर नेऊन स्वतःच्या हातानं उडवली. लहानपणी फासात अडकून तिच्या डाव्या पायाचं बाहेरचं बोट गेलं होतं. पुढं ती जगली की मेली, काही कळलं नाही. पाच वर्षं झाली. यंदा फाल्गुनात शिकारखान्यातला जुना सोबती, कोडोलीचा गुंडू भेटायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला, की पन्हाळ्याच्या कड्यात शाहीननं पिल्लं काढलीत.

गणपतरावांच्या गुडघ्यांना आता वाड्यातला जिनाही चढवत नव्हता. ज्ञानू कोणाची तरी दुर्बीण मागून घेऊन पन्हाळ्याला जाऊन आला. पाखरू दिसलं, बोटांबद्दल मात्र तो छातीठोकपणे काही सांगू शकला नाही.

"आन् सांगितलं असतंस तरी मी मानलं नसतं," गणपतराव म्हणाले होते. "मला बघायचं हाय. माज्या डोळ्यांनी."

तेव्हा फोटो. तोही लौकर, कारण पिल्लांच्या पंखांवर पिसं भरली होती. ती उडाली की मादी कड्याच्या त्या कपारीवर बसायची नाही.

ज्ञानूनं गणित केलं. उभं राहायच्या जागेपासून कपार दोनशे फुटांवर. तेवढ्यावरून बोटाची प्रतिमा थोरल्या लेन्सनं फिल्मवर पाव मिलिमीटर पडणार आणि धाकटीनं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पण गणितात काचेचा गुण धरलेला नव्हता. तो बघायचा तर परीक्षा घ्यायला हवी, आणि परीक्षेला पाखराचाच पाय हवा.

परीक्षेला घरची कोंबडी बसली. गणपतरावांनी तिचं एक बोट दुमडून काळ्या दोऱ्यानं बांधलं, ज्ञानूची आई तानाबाई तिला घेऊन परसाच्या टोकाला भिंतीवर चढून बसल्या, आणि ज्ञानूनं दुसऱ्या टोकाला तिपाई रोवली.

"आये, जरा तिचा पाय म्होरं कर!"

"म्होरं करू? ही माजं डोळं काडाया लागलीया! बाप गेला पाखरांच्या नादात, आता ह्यो!"

शेजारच्या शालूबाई वाळवण टाकून बघायला आल्या. "तानाबाई, पोराचं लगीन ठरलं व्हय? फोटू कुनाचा काडतोय?"

"सुनंचा!" तानाबाई ओरडल्या. "बघा की, कशी पिसारलीया!"

दत्तोपंतांच्या डार्करूममध्ये दोन्ही छापांचा निकाल लागला. धाकटीचा फोटो रेखीव, पण पाय मोठा करू जाताच फिल्मचे नुसते दाणे. थोरलीचा जरासा मऊ, पुसट कडांचा. तरीही तीन बोटं आणि एक मिटलेलं, सरळ मोजता येत होती. ज्ञानूनं थोरली घेतली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो पन्हाळ्याला गेला. मादी कपारीवर होती. त्यानं श्वास धरून अख्खा रोल संपवला. संध्याकाळी रोल धुतला, तर सगळ्या फिल्मवर धुकं धरल्यासारखं. पाखरू नव्हतं, पाखराची सावली होती.

"वाटलंच होतं मला," दत्तोपंत म्हणाले. "अजून निळी दे म्हणालास तर देतो."

ज्ञानू निगेटिव्ह दिव्यासमोर धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. कोंबडीच्या तोंडावर ऊन होतं आणि त्याच्या पाठीवर. कडा मात्र पश्चिमेला तोंड करून होता. सकाळी कपार सावलीत आणि तिच्या डोक्यावरचं उजळ आभाळ थेट लेन्समध्ये. जुन्या, बिनलेपाच्या काचेत तो उजेड नुसता इकडून तिकडे आपटत राहिला असणार. परीक्षा त्यानं नीट घेतली होती, पण सोपा पेपर काढून.

"लेन्स हीच," तो म्हणाला. "वेळ बदलतो."

तानाबाईंनी डालड्याचा रिकामा डबा दिला. त्याचं बूड कापून ज्ञानूनं आतून काजळी फासली आणि लेन्सच्या तोंडावर टोपीसारखा चढवला. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्याबरोबर तो निघाला. पोचला तेव्हा कड्यावर ऊन आलं होतं. कपारीच्या कडेला पिल्लं पंख झाडत होती आणि एक तर अगदी टोकाशी आलं होतं. मादी आली, पायाखाली काहीतरी दाबून बसली आणि ओरबाडायला लागली. त्यानं घाई केली नाही. वारा पडायचा, तेव्हाच बटण दाबायचं.

त्याच रात्री दोन निगेटिव्ह निवडून झाल्या. एकीत मादी वळलेली, पंखानं पाय झाकलेला. दुसरीत पाय स्वच्छ. दत्तोपंतांनी चष्मा कपाळावर सरकवून दुसरी पाहिली, मग ज्ञानूकडे पाहिलं.

"पहिली छापू का? छान आलीय. आणि..." ते थांबले. "काय आहे, म्हाताऱ्या माणसाला एवढीच आशा असते."

ज्ञानूच्या मनात तेच येऊन गेलं होतं. पण वडिलांनी फोटो मागितला होता तो सांत्वनासाठी नव्हे.

"दुसरी छापा. जेवढी मोठी होईल तेवढी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गणपतराव ओसरीवर बसले होते. त्यांनी फोटो घेतला, उजेडाकडे तिरका केला आणि दत्तोपंतांकडून आणलेलं भिंग त्यावर धरलं. तानाबाई पदरानं हात पुसत मागं येऊन उभ्या राहिल्या. भिंग डाव्या पायावर आलं, तिथं थांबलं, उजव्यावर गेलं, परत डाव्यावर आलं.

"सगळी हाईत," गणपतराव म्हणाले.

"व्हय, आबा."

"ही न्हवं ती."

"न्हवं."

त्यांनी भिंग मांडीवर ठेवलं. रस्त्यानं घराकडे परतणाऱ्या म्हशी जात होत्या. त्या जाऊन गल्ली मोकळी होईपर्यंत ते त्यांच्याकडेच बघत राहिले. ज्ञानूला वाटलं, पहिलीच छापायला हवी होती.

मग म्हाताऱ्यानं भिंग पुन्हा उचललं.

"तरणी हाय. छातीवरचा रंग बघ की, कसा धरलाय. बिजली असली दांडगी न्हवती." भिंग हळूहळू खाली सरकलं. "पिल्लं किती म्हनलास?"

"तीन."

"तीन? तिन्ही जगवली?" त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "आन् ह्ये पायाखाली काय दाबलंय? पारवा हाय का पोपट?"

ज्ञानू वाकला. पायाखाली पिसांचा एक करडा पुंजका होता. त्यापलीकडे दाणेच दाणे.

"त्ये न्हाय कळत, आबा."

"न्हाय कळत?" गणपतरावांनी मान वर केली. "मग लेन्स बारकी पडली म्हन की! त्या दत्तोपंताला इचार, हिच्यापरास मोठी हाय का."