सोळाशे शहात्तर

सोमवारी सकाळी सात नंबर लाइनीचे दोन रूळ एकमेकांकडे सरकायला लागले, आणि पहिल्या दिवशी ते फक्त एक मिलिमीटर सरकले. हेमांगी तायडेनं अंतर मोजायची लोखंडी पट्टी उचलली, टोकांवरची सिमेंटची भुकटी ओढणीनं पुसली आणि पट्टी पुन्हा रुळांवर टेकवली. सोळाशे पंचाहत्तर.

सिमेंट कारखान्याच्या या साईडिंगवर, म्हणजे मालगाड्यांच्या खासगी फाट्यावर, जुनी रीत होती. मोजणाऱ्यानं आकडा मोठ्यानं पुकारायचा, गँगच्या मेटनं, म्हणजे मुकादमानं, तो परत म्हणायचा, मगच तो वहीत चढायचा. न पुकारलेला आकडा कुणी धरत नसे.

"बोला मॅडम," मेट सुकलाल वही उघडून म्हणाला.

"सोळाशे शहात्तर," हेमांगी म्हणाली. असायला हवं तेवढंच. अकरा वर्षं ती हेच म्हणत आली होती.

"सोळाशे शहात्तर," सुकलाल म्हणाला आणि त्यानं लिहिलं.

साईडिंग महिनाअखेर बंद होणार होती. शनिवारी तिला दोन नेमणूकपत्रं आली होती. एक बंदरावरच्या कंपनीचं: ऑफिसात बसून मालगाड्यांचं वेळापत्रक लावायचं, स्वच्छ हवा, समुद्र. दुसरं कोळसा खाणीचं: ऐंशी किलोमीटर लाइन, सगळी तिच्या एकटीच्या ताब्यात. तिच्या नवऱ्याला, विलासला, दमा होता. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं. उत्तर दोन्ही कंपन्यांना शुक्रवारी पाचपर्यंत हवं होतं. तिनं बंदराचं पत्र बाहेरच्या खोलीत डाव्या भिंतीवर चिकटवलं, कोळशाचं बरोबर त्याच्या समोर, उजव्या भिंतीवर.

"तुला कुठलं हवंय?" विलासनं विचारलं होतं.

"बघू," ती म्हणाली होती.

मंगळवारी पट्टी रुळांवर बसेना. खिशातल्या टेपनं मोजल्यावर अंतर चौदाशे भरलं. कालच्या नोंदीपेक्षा पावणेतीनशेनं कमी. याचं कारण वहीत काय लिहिणार? तिनं सोळाशे शहात्तरच पुकारलं. अकराची मालगाडी आली तीही तेवढीच अरुंद होऊन. डब्यांत सिमेंटची पोती उभी रचलेली होती. ड्रायव्हरनं कोपर अंगाला चिकटवून हात केला.

"मॅडम, बारीक झालात," सुकलाल म्हणाला.

"तुम्हीसुद्धा, सुकलालभाऊ."

"माझी बायको खूश आहे. वीस वर्षं माझ्या पोटाच्या मागे लागली होती."

बुधवारी अंतर नऊशे झालं. ती घरी आली तेव्हा सोफा आणि कपाट अंगणात उभं होतं. विलास आडवं चालत चहा घेऊन आला.

"घर आवळतंय," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

"किती राहिलंय?"

"सोळाशे शहात्तर."

विलासनं पंप तोंडात धरून दाबला आणि श्वास रोखून मनात दहा मोजले. "हेमा, वहीतलं नको सांगूस."

तिनं चहा प्यायला. समोरच्या भिंतीवरचं कोळशाचं पत्र आता बसल्या जागेवरून वाचता येत होतं. 'संपूर्ण जबाबदारी आपली राहील' ही ओळ तिनं पुन्हा वाचली. विलास तिच्याकडे बघत होता, म्हणून तिनं मान वळवून बंदराचं पत्र वाचलं.

गुरुवारी सुकलालनं वही उघडलीच नाही.

"मॅडम, तुम्ही म्हणाल ते मी परत म्हणेन. पण या दोन रुळांमध्ये माझा बूट आडवा बसत नाही हो."

"खरं पुकारलं तर सोमवारपासूनचं सगळं खोटं ठरेल."

"ठरू दे की."

"सोळाशे शहात्तर," हेमांगी म्हणाली.

सुकलालनं ते परत म्हटलं, पण तिच्याकडे न बघता.

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं होती तेव्हा ती घराच्या दाराशी पोचली. दार आता तिच्याच्यानं ओलांडवत नव्हतं. आत विलास दोन भिंतींच्या मध्ये उभा होता. बंदराचं पत्र त्याच्या पाठीला लागलं होतं, कोळशाचं छातीला. पंप त्याच्या हातात होता. हात वर यायला जागा नव्हती.

"अहो, बाहेर या."

"वळता येत नाही," तो म्हणाला. एकेका शब्दानंतर तो थांबत होता. "तू पुकार. बंदर म्हण. मी परत म्हणतो, झालं."

बंदर हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. सोमवारी सोळाशे शहात्तर तयार होतं, अगदी तसाच. ती गुडघ्यांवर बसली आणि टेपचं टोक तिनं भिंतीला लावलं.

"एकशे चाळीस," ती मोठ्यानं म्हणाली.

"एकशे चाळीस," विलास म्हणाला.

भिंती जागच्या जागी थांबल्या. मागेही सरल्या नाहीत. कारखान्याचा पाचचा भोंगा वाजायला लागला. हेमांगीनं टेप मिटला, उठून उभी राहिली आणि भोंग्याच्या वरताण आवाज काढून म्हणाली, "कोळसा."

विलासनं तिच्याकडे पाहिलं आणि तो शब्द परत म्हणण्यासाठी श्वास आत ओढायला सुरुवात केली.