बाळंतिणींच्या वॉर्डचा कूलर

मित्रांनो, गंजलेल्या पत्र्याचं हे धूड पाहून तुम्ही ओळखणार नाही, पण धाराशिवच्या एका मोठ्या दवाखान्याच्या गच्चीवर मी अकरा उन्हाळे काढलेत. मी कूलर. पत्र्याच्या रुंद नळातून माझा वारा खाली बाळंतिणींच्या वॉर्डात जायचा.

तेर गावच्या सारजाबाई तिथं मावशी होत्या. रोज सकाळी जिना चढून यायच्या, माझ्या वाळ्याच्या ताट्या धुवायच्या, टाकी भरायच्या आणि खाली जाऊन वॉर्डाच्या पलीकडच्या दोन खिडक्या उघडायच्या. मग मी वाहू लागलो की रडणारी बाळं एकेक करून निजायची. माहेरी आल्यागत वाटतंय, असं बाळंतिणी म्हणायच्या.

मावशी निवृत्त झाल्या. त्याच वर्षी वरच्या मजल्यावर एसी आले आणि वीज वाचावी म्हणून फर्मान निघालं, इमारतीतल्या सगळ्या खिडक्या बंद ठेवा. नवा वॉर्डबॉय उत्तरेश्वर मोठा इमानी. त्यानं माझ्या वॉर्डाच्या खिडक्यांनाही खिळे ठोकले. माझी ओली हवा आतच कोंडली. बाया घामानं चिंब, बाळांच्या मानेवर घामोळं. बिचारा मला आणखी जोरात चालवायचा, वॉर्ड आणखी दमट व्हायचा. अखेर माझ्यावर निकामी असा शेरा पडला. नळ कापून भंगारात गेला, मी मागच्या अंगणात. माझ्या कितीतरी पट वीज ओढणारे चार एसी माझ्या जागी बसले.

यंदा वैशाखात नात शिवांजली बाळंत झाली, म्हणून सारजाबाई आल्या. मला पाहून थबकल्या. उत्तरेश्वरला बोलावून घेतलं.

"दमच राहिला न्हवता त्याच्यात, मावशी. नुसती वाफ सोडायचा."

"खिडक्या उघडत होतास का?"

"न्हाय. तसा आदेशच होता."

"अरं, ती रीत एसीची. याचा वारा एकीकडनं आला की दुसरीकडनं जाऊ द्यावा लागतो. तू त्याचं नाक दाबलंस, अन् दम न्हाय म्हणतोस व्हय?"

उत्तरेश्वर खाली मान घालून माझ्या पत्र्यावरची धूळ पुसत राहिला.

दुपारी वीज गेली. जनरेटरवर मी आरामात चालायचो. चार एसींचा भार त्याला पेलत नाही. भिंतीपलीकडं शिवांजलीचं बाळ रडत होतं आणि सारजाबाई पदरानं वारा घालत होत्या.

मित्रांनो, एखाद्या वस्तूला निकामी ठरवण्याआधी तिला सांभाळलेल्या हातांना एकदा विचारत जा. माझ्यासाठी मावशींना एक फोन केला असता तरी पुरलं असतं. तो कुणी केलाच नाही.