फुंकून बघा, स्तामेनकाका

स्तामेन करामितेव्ह जन्मभर रोदोपीच्या डोंगरात गाइदा वाजवत आला होता. शेळीच्या कातड्याची ती भलीमोठी पिशवी फुंकून फुंकून त्याला जांघेत हर्निया झाला. तो एकदा शिवला, तर पुढच्याच लग्नात टाके उसवले आणि अख्ख्या वऱ्हाडासमोर म्हातारा आडवा झाला. आता काळीज इतकं कमजोर, की पूर्ण भूल द्यायला कुणी धजेना. म्हणून नुसती जांघ बधिर करून शिवायचं ठरलं, जागेपणी.

जागेपणी! भल्या माणसाचा जीव घ्यायची ही काय रीत झाली? छातीसमोर हिरवा पडदा आणि पलीकडे डॉक्टर दिमोवाबाई. कुणीतरी पिशवीत हात घालून किल्ली शोधावी तसं पोटात चाललं होतं. दुखत मात्र नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटत होती.

"फाटल्या जागेवर जाळी शिवून झाली," बाई म्हणाल्या. "आता जोरात खोका. टाके धरतात का बघू."

स्तामेननं ओठ घट्ट मिटून घेतले.

"खोका की हो काका!" उशाशी बसलेली नर्स रुमेना म्हणाली. "गावंच्या गावं नाचवता, नि साधा खोकला येईना?"

"उसवलं तर गं?"

"उसवायचं तर माझ्यासमोर उसवू दे," पलीकडून बाई म्हणाल्या.

तो जेमतेम खाकरला. बाई वैतागल्या. "हे नाही चालायचं. घरी जाऊन तुम्ही खाकरणार थोडेच, गाइदाच फुंकणार. रुमेना, फुंकायला हातमोजा दे त्यांना एक."

डोळे मिटून त्यानं रबरी हातमोजा फुंकला. मोज्याची बोटं ताठ झाली. त्यानं पडद्याकडे मान वळवली.

"बाई?"

"वरचा टाका सुटला. नुसत्या खाकरण्यानं हा कळला नसता."

म्हाताऱ्याला रडूच कोसळलं. "म्हणजे संपलं. गाइदा सुटली माझी."

"संपलं काय? दुसरा घालतेय, चांगला खोल." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "हं, फुंका."

आता टाके उसवणार याबद्दल त्याला शंकाच उरली नव्हती. रुमेनाचं मनगट घट्ट धरून त्यानं छाती भरून घेतली आणि वरात दाराशी आल्यावर फुंकायचा तसा मोजा फुंकला. फाट्‌कन आवाज झाला.

"मेलो!" तो किंचाळला.

"हातमोजा फुटला, काका," बाई म्हणाल्या. "टाके जागच्या जागी आहेत."