मूळ रंगाची रिम

मी बोलतेय, गाडीच्या पुढच्या चाकातली रिम. टायरच्या आत जो धातूचा चकाकता गोल दिसतो ना, ती मी. इतकी वर्षं गप्प राहिले, पण आज बोलायलाच हवं. वेळ थोडा आहे.

आम्ही चौघी बहिणी एकाच दिवशी कारखान्यातून बाहेर पडलो. वजनाला हलक्या, सहा आऱ्यांच्या, पितळी रंगाच्या. गाडीच्या साध्या रिम्स काढून आम्हाला चढवायचं, म्हणजे गाडी वळणावर चपळ होते, एवढ्यासाठीच आमचा जन्म. आमच्यासारख्या फार बनल्याच नाहीत. चार वर्षांत कारखान्याने आमचा साचा मोडीत काढला.

आमचा पहिला मालक दातांचा डॉक्टर. दवाखान्यात हात हळुवार, रस्त्यावर मात्र आडदांड. एका पुलाच्या टोकाशी मोठा खड्डा होता. तो त्याला दिसला नाही, मला दिसला. माझ्या आतल्या बाजूला, बोटभर तडा गेला. वेल्डरने तो जोडला, वरून रंग मारला आणि म्हणाला, "गावात हळू चालवायला ठीक आहे. जोरात पळवायला हिला वापरू नका." डॉक्टर धसकला. त्याने मला माळ्यावर ठेवलं आणि माझ्या जागी साधी रिम लावली. बहिणी रस्त्यावर झिजत राहिल्या आणि मी तशीच कोरी राहिले. माळ्यावर मी सुखात होते, खोटं कशाला सांगू?

पण बाहेर आम्हाला मागणी आली. एकाच जुन्या गाडीचं वेड असलेली माणसं फोनवर गट करून असतात. बाजारात जे मिळतं ते त्यांना नको, मिळत नाही तेच हवं. "चारही आहेत का?" "मूळ रंग आहे ना?" "कारखान्याचा शिक्का दिसेल असा फोटो टाका." हिने काय काय सोसलंय, हे मात्र कोणी विचारलं नाही. डॉक्टरने विकताना तड्याचं स्पष्ट सांगितलं होतं. घेणाऱ्याने पुढे विकताना "थोडं काम झालंय" एवढंच सांगितलं. त्याच्या पुढच्याने तेही सांगितलं नाही. मला फार राग आला होता, पण माझा राग कोणाला कळणार?

आताचा मालक औषधांच्या दुकानात काम करतो. साधा, मायाळू माणूस, त्याच गटातला. दोन वर्षं तो आमच्यासारख्यांच्या शोधात होता. आम्हा चौघींना त्याने बैठकीतच आणून ठेवलं, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "आता ह्यांना झोपवायचं कुठे? आपल्या दोघांच्या मध्ये?" त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने आम्हाला ओल्या फडक्याने पुसलं. माझ्या तोंडावर एक ओरखडा नाही, हे तिच्याच लक्षात आलं. "बाबा, ही सगळ्यात छान आहे. ही माझ्या बाजूला लावा." चौघींतून त्या पोरीने नेमकी मलाच, तडा गेलेलीला, लाडाने निवडलं.

आठवडाभरात वेल्डरचा तो जुना जोड उसवला आणि माझ्यातून हवा जायला लागली. तो मला घेऊन टायरवाल्या काकूंकडे गेला. काकूंनी साबणाचं पाणी ओतलं, बुडबुडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हवा टायरमधून नाही, रिममधून जातेय. आतला रंग खरवडून बघू द्या मला."

"नको काकू. मूळ रंग आहे. तो गेला की ह्या रिम्सना कोणी विचारत नाही."

"मूळ रंग आहे, तर इथेच एवढा जाड का?"

"जुन्या मालाचं असंच असतं हो. हवा थांबवायचं ते औषध भरा ना आत."

"मी नाही भरणार," काकू म्हणाल्या. "आणि पोरीला घेऊन हिच्यावर जाऊ नका."

तो कसनुसा हसला, उठला, आणि ते औषध त्याने घरी स्वतःच भरलं. हवा जायची थांबली. तेवढी एकच तक्रार मला करता येत होती, तीही त्याने बुजवली.

आज सकाळी त्या गटाच्या बारा गाड्या डोंगररस्त्याने निघाल्या आहेत. निघण्याआधी सगळे माझ्याभोवती जमले, वाकून वाकून शिक्का पाहिला, फोटो काढले. मालकाचा ऊर भरून आला होता. लेक शेजारी बसली, तिने पट्टा लावला. आता तो पुढच्या गाडीला गाठायच्या नादात आहे. प्रत्येक वळणावर सगळा भार माझ्यावर येतो आणि तडा थोडा थोडा पुढे सरकतो. सकाळी बोटभर होता, आता वितीएवढा झालाय.

"बाबा, माझ्या बाजूने टकटक आवाज येतोय."

"ह्या रिम्सचा आवाज असाच असतो गं. म्हणून तर लोक ह्यांच्यासाठी वेडे होतात."

नाही रे बाबा, असा नसतो आमचा आवाज. माझ्या तिघी बहिणी बघ, चुपचाप फिरतायत.

पोरी, तू तरी गप्प बसू नकोस. पुन्हा सांग. ऐकलं नाही तर रड, उलटी येतेय म्हण, काय वाटेल ते खोटं बोल. माझं त्याला ऐकू येत नाही आणि काकूंचं त्याने ऐकलं नाही, पण तू रडलीस तर तो गाडी थांबवेल. पुढे उतार आहे. आत्ता रड.