आत्याच्या प्लॉटवरचं वजन

आत्याला घर बांधायचं होतं आणि भाचीला जमिनीचा भरवसा नव्हता. भाची माती तपासणारी इंजिनीअर. घरात तिला सगळे मातीवालीच म्हणत. तिने प्लॉटवर बोअर मारून नमुने काढले. वर थोडा मुरूम, खाली ओली चिकणमाती.

"ही माती लबाड असते," ती आत्याला म्हणाली. "वजन पडल्यावर लगेच काही दाखवत नाही. आतलं पाणी हळूहळू सोडते आणि सावकाश खचते. वजन ठेवून बघावं लागेल."

लोखंडी मंच उभारला, खाली खचणं मोजणारा काटा बसवला. वाळूची पोती मात्र आलीच नाहीत. आत्याने फोन उचलला आणि सगळं गणगोत बोलावलं.

नातेवाईक वजन करून मंचावर बसले. काटा हलला.

"काटा थांबेपर्यंत उतरायचं नाही," मातीवालीने बजावलं. "उतरायचंच असेल तर तेवढ्याच वजनाचं माणूस बदली द्या."

चिकणमातीला कसली घाई? आठवडे गेले. मंचावर स्टोव्ह आला, गाद्या आल्या. एका मावसबहिणीचं लग्न तिथेच ठरलं. नवरामुलगा जरा जड भरला, म्हणून त्याला बूट काढून बसवलं.

मग मंच कलला. थोरले काका आणि धाकटे काका आपल्या वडिलांच्या घड्याळाच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. बाकीच्यांनी थोरल्यांची बाजू घेतली होती, म्हणजे ते त्या बाजूला जाऊन बसले होते.

मातीवालीने काट्याकडे बोट दाखवलं. "सगळं सारखं खचलं तर चालतं. एकाच बाजूने खचलं की भिंती तडकतात."

"मग मी काय आणखी जाड होऊ?" धाकट्या काकांनी विचारलं.

थोरले काका कण्हत उठले, मंच ओलांडून भावाशेजारी आले. "सरक जरा," ते म्हणाले. धाकटे सरकले. हळूहळू बाकीचेही मधे आले.

पुढे एके दिवशी काटा थांबला.

"बसली जमीन," मातीवाली म्हणाली. "उतरा आता."

"उतरलो तर माती पुन्हा वर येईल का?" मामींनी विचारलं.

"थोडीशी येईल."

"मग कशाला उगाच?" थोरले काका म्हणाले.

कुणीच उतरेना. शेवटी आत्याने गवंडी बोलावले आणि माणसांभोवतीच घर बांधून घेतलं. घर छान झालं, कुठे तडा नाही. फक्त आत्याला आत जाता येईना. तिचं वजन कुणी धरलंच नव्हतं.

ती सध्या मातीवालीकडे राहते. तिथे तिला शांत झोप लागते.