घरी राहिलेल्याची गोवरी

राहीबाईनं पहाटेच शेळी बायडाबाईच्या दारात नेऊन बांधली. "दोन दिस संभाळ," म्हणाली.

बायडाबाई शेजारीण होती, पण खुळी नव्हती. "दोन दिस, का कायमची?" तिनं विचारलं. राहीबाई नुसती हसली, पण ते हसू काही तिला लपवता आलं नाही.

आज तिचा भाचा राधाकृष्ण, तिचा किसना, यायचा होता. आई लहानपणीच गेली म्हणून तो राहीबाईच्याच हाताखाली वाढला होता. आता श्रीरामपूरला साखर कारखान्यात लागलेला, नव्यानंच लग्न झालेलं. बायकोला आणि सासऱ्याला घेऊन तो नाथाचा डोंगर चढायला येणार होता. सकाळच्या एस.टी.नं यायचं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं जायचं.

राहीबाईला ना मूल ना बाळ, आणि नवरा जाऊन जमाना झालेला. त्यात दुष्काळ. विहीर आटली, गाय छावणीत गेली, आणि राहीबाई दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. त्याचं तिला फारसं नव्हतं. संध्याकाळी घरी आलं की शेळीखेरीज बोलायला कुणी नसायचं, त्याचं होतं. म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं की वर डोंगरावर नाथाच्या धुनीपुढं उभं राहून किसनाला विचारायचं, मला संगं नेतोस का. धुनीपुढं दिलेला शब्द कुणी मोडत नाही, असं गाव मानायचं. आणि खरं सांगायचं तर घरात विचारायचा तिला धीर नव्हता. दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून तिनं दाराआड ठेवूनही दिलं होतं.

पाव्हणे आले. चहा झाला आणि चौघं निघाली. वैशाखाचं ऊन सकाळीच अंगावर आलं होतं. डोंगराला सावली म्हणून नव्हती. सासरे आप्पासाहेब श्रीरामपुरातले कापडवाले. नवे बूट घालून, गळ्यात थर्मास अडकवून आलेले. पहिल्याच वळणावर ते दगडावर बसले आणि दगड तापलेला निघाला म्हणून लगेच उठले.

"विहीणबाई, तुमचा जन्म काय डोंगरावर झाला?" धापा टाकत त्यांनी विचारलं.

"पाव्हणं, थांबलं की ऊन जास्ती लागतं. चला हळूहळू," राहीबाई म्हणाली. डोक्यावर पाण्याची कळशी असूनही ती सगळ्यांच्या पुढं होती. इतकी हलकी तिला कित्येक दिवसांत वाटली नव्हती.

सुनेचे, रतनचे पाय चपलेतूनही भाजत होते. राहीबाईनं तिच्या पायांवर चूळभर पाणी घातलं. रतन लाजली, मग बोलू लागली. कारखान्यानं दोन खोल्या दिल्यात, आत्याबाई, घरातच नळ आहे. राहीबाईनं ऐकता ऐकता त्या नळाशेजारी स्वतःची वाकळ अंथरूनही टाकली.

त्या डोंगराची एक रीत होती. वर नाथाची धुनी बारा महिने पेटती असायची आणि चढणाऱ्यानं तिच्यासाठी एक गोवरी न्यायची. ती स्वतःच्या नावाची नाही. जो आला नाही, घरी राहिला, त्याच्या नावाची. राहीबाई दर साल किसनाच्या नावाची गोवरी वर नेत आली होती.

"औंदा माझ्या हाती गोवरी न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "कुनाच्या नावाची नेऊ? माजं मानूस संगंच हाय."

किसना हसला आणि त्यानं खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

वर धुनीशी गोरक्षबुवा बसला होता. रतननं आपल्या आईच्या नावाची गोवरी दिली. मग किसनानं पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली गोवरी काढली.

"कुनाच्या नावाची?" बुवानं विचारलं.

"आत्याच्या. राहीबाईच्या."

बुवानं मान वर केली. "आरं, ती काय तुज्याम्होरं उभी हाय."

किसना ओशाळला. "मला वाटलं, एवढ्या उन्हात आत्या काही वर यायची नाही. श्रीरामपुराहूनच बांधून आणली."

मायेनंच आणली होती, हे राहीबाईला दिसत होतं. आणलीच नसती तर तिला एवढं लागलं नसतं. तिकडं, नळाच्या घरात गोवरी बांधताना, त्याच्या मनात आत्या उंबऱ्यात बसलेली होती आणि तिथंच राहायची होती.

"चढलेल्या मानसाची धुनीत घालत न्हाईत," बुवा म्हणाला. "आन वर आनलेली खाली नेत न्हाईत. आता कसं करायचं?"

सगळे राहीबाईकडं बघू लागले. विचारायचं ते तिच्या ओठांवर होतं. किसना आपणहून काही म्हणेल, म्हणून तिनं त्याला वेळ दिला. किसनानं रुमाल काढून मान पुसली.

"घाला, बुवा," राहीबाई म्हणाली. "म्हातारी घरीच हाय."

किसना मोकळेपणानं हसला. आप्पासाहेबही हसले, विहीणबाई मोठ्या हजरजबाबी म्हणाले. गोवरीनं हळूहळू पेट घेतला. राहीबाईला रडू आलं नाही. आपल्या माणसांत उभी राहून तिला फार एकटं वाटलं, इतकंच.

संध्याकाळी एस.टी.त चढण्याआधी किसना पाया पडला. "जमलं तर पुढच्या साली येतो, आत्या."

"न्हाई जमलं तरी आसू दे. तुजी गोवरी मी नेते," ती म्हणाली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ती बायडाबाईच्या दारात गेली.

"दोन दिस म्हनली हुतीस," बायडाबाई म्हणाली.

"एकच पुरला."

बायडाबाईनं शेळीचं दावं सोडून तिच्या हातात दिलं. घरी येऊन राहीबाईनं दाराआडचं गाठोडं सोडलं, लुगडी परत दांडीवर टाकली आणि शेळीपुढं बसून सगळा डोंगर पहिल्यापासून सांगायला लागली.