मिरीच्या वाट्याचा घास

नयनाने डाव्या हाताने मिरी कुत्रीचा जबडा धरला, ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंज आत सरकवली आणि दट्ट्या हळूहळू दाबला. अर्धी पेज पोटात गेली, अर्धी गळ्याभोवतीच्या प्लास्टिकच्या कॉलरमध्ये ओघळली. मिरीने जे गिळलं तेही नाइलाजाने, लग्नघरी नावडती भाजी पानात पडल्यावर गिळावी तसं. नयनाने कॉलर पुसली आणि सिरिंज पुन्हा भरली. अजून सात वेळा भरायची होती आणि आत्ता कुठे सकाळचे साडेसहा वाजत होते.

मिरीच्या आतड्यात अडकलेला मक्याच्या कणसाचा तुकडा डॉक्टर गिरीराज यांनी पोट उघडून काढला, त्याला आज नऊ दिवस झाले. टाके सुकत होते, ताप नव्हता, तपासण्या ठीक होत्या. फक्त ती खात नव्हती. चिकन उकडून द्या, असं डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते. मग नयना आणि तिचे यजमान उमाकांत यांचे चेहरे बघून अंड्यावर उतरले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा या घरात अंडी आली आणि मागच्या ओट्यावर एका जुन्या पातेल्यात उकडली जाऊ लागली. मऊ भात, वाफवलेला लाल भोपळा, अंड्याचा पांढरा भाग. मीठ नाही, फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही. नयना हे दिवसातून तीनदा ताजं करायची आणि मिरी तीनदा तोंड फिरवायची. बासष्टाव्या वर्षी माणसाने किती वेळा जमिनीवर बसावं आणि किती वेळा उठावं याला काही सुमार आहे की नाही, असं तिला हल्ली प्रत्येक उठण्याला वाटत असे.

काल संध्याकाळी डॉक्टरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. नुसत्या सिरिंजवर कुत्रं किती दिवस काढणार? उद्या संध्याकाळपर्यंत आपणहून खाल्लं नाही तर मानेतून नळी घालावी लागेल. त्यासाठी परत भूल द्यायची, आणि या अशक्तपणात मिरीला ती झेपेलच याची हमी ते देत नव्हते. उद्या म्हणजे आज. चार वाजता हेब्बाळच्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं आणि उमाकांतांनी रिक्षावाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

ऑपरेशन झालं त्या दिवशी डॉक्टरांनी तो तुकडा ट्रेमध्ये ठेवून दाखवला होता आणि हा कुणी दिला, असं विचारलं होतं. रागाने नाही, नुसतंच.

"माझ्याच पानातला असणार," उमाकांत लगेच म्हणाले होते.

आणि नयना मूग गिळून बसली होती.

उमाकांतांना तसं वाटणं साहजिक होतं. चौतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत विमानांच्या पंखांची कंपनं मोजलेला हा माणूस घरी जेवायला मात्र पाटावरच बसे, गुडघे कितीही कुरकुरले तरी. ताट चाटूनपुसून उठू नये, शेवटचा घास दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. गावी, सोलापुरात, तो घास गायीला जायचा. इथे नऊ वर्षांपूर्वी, गल्लीच्या टोकाच्या गटारातून उचलून आणलेल्या एका काळ्याभोर पिल्लाला तो मिळू लागला. मिरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्यांचं जेवण संपायची वाट बघे. ते ताटाच्या कडेला घास ठेवत, ताट पुढे सरकवत आणि म्हणत, "घे." तो घास खाल्ल्यावरच ती आपल्या तसराळ्याकडे वळे. तोवर समोर पंचपक्वान्नं मांडली तरी ती हुंगायची नाही.

नयनाला हे लाड पसंत नव्हते. एक दिवस अंगाशी येईल, असं ती नऊ वर्षं बजावत आली होती. आता ते आलं होतं, आणि सगळ्यांच्या मते उमाकांतांमुळे आलं होतं. पुण्याहून लेक प्रांजली फोनवर बाबांना बोल बोल बोलली. दुसऱ्या दिवशी उमाकांतांनी पाट उचलून आतल्या खोलीच्या दाराआड उभा केला. तेव्हापासून ते बाहेरच्या टेबलावर जेवत, ताटात शीतसुद्धा न ठेवता उठत आणि ताट लगेच स्वतः घासून टाकत.

खरी गोष्ट अशी होती की त्या संध्याकाळी नयना प्रांजलीशीच फोनवर बोलत होती. मिरी पायाशी कुईकुई करत होती, आणि नयनाने नुकतंच खाऊन संपवलेल्या कणसाचा तुकडा, गप्प बस जरा, म्हणून तिच्यापुढे टाकला होता. मिरीने तो चावला की अख्खा गिळला, हे तिने बघितलंही नाही. त्याच रात्री उमाकांतांच्या ताटातही कणसं होती आणि ताट जमिनीवर होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. इथे तर चोर संन्याशाला रोज दोन वेळा आल्याचा चहा करून देत होता.

ती सांगणार होती. त्या दवाखान्यातच सांगणार होती. पण नऊ वर्षांचं बजावणं जिभेवर येऊन बसलं. मग एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि सांगायची वेळ टळून गेल्यासारखी झाली. त्याऐवजी ती राबत राहिली. सिरिंजला ती कुणाला हात लावू देईना, पातेलं घासू देईना, पहाटे उठू देईना. उमाकांतांना वाटे, ही आपल्यावरचा राग कामावर काढते आहे.

साडेदहाला कुंपणापलीकडून वसुमती अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आयिता?" जेवण झालं का, हा प्रश्न त्या तीस वर्षं नयनाला विचारत आल्या होत्या. आता तो मिरीसाठी असे. नयनाने नकाराची मान हलवली. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या की स्वल्प, थोडंसं तू पण खा, नाहीतर तुलाच सिरिंजने घालावं लागेल. नयना हसली. हसायलाही ताकद लागते, हे तिला तेव्हा कळलं.

दुपारी साडेबाराला तिने भात घोटून तसराळ्यात काढला आणि गार करायला खाली ठेवला. बाहेर टेबलावर उमाकांत आमटी-भाकरी खात होते, पाठ इकडे करून. तेवढ्यात भिंतीला कॉलर घासल्याचा आवाज आला. मिरी आपल्या गादीवरून उठली होती. भिंतीला टेकत टेकत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि बसली. भाताचं तसराळं तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. जिथे पाट असायचा त्या रिकाम्या फरशीकडे ती बघत राहिली.

नयनाच्या हातातला डाव तसाच राहिला. बाहेर उमाकांत उठले, आत आले, मिरीला वळसा घालून मोरीशी गेले आणि ताट घासू लागले. नळाचा आवाज ऐकल्यावर मिरीने पुढचे पाय पसरले आणि डोकं खाली ठेवलं.

ही रोज अशी येऊन बसत असेल, नयनाला वाटलं, आणि आपण रोज या वेळेला मागच्या ओट्यावर अंडी सोलत असतो. मिरीला भूक नव्हती असं नाही. ती जेवण संपायची वाट बघत होती, आणि ज्या जेवणाची वाट बघत होती ते नऊ दिवस सुरूच झालं नव्हतं.

"अहो, आज पाटावर बसा," ती म्हणाली. "हिच्यासाठी घास ठेवा. ती त्याच्यासाठी अडून बसली आहे."

उमाकांत ताट पुसत होते. त्यांनी मिरीकडे बघितलं नाही.

"माझ्या हातचं आता नको तिला."

तिने डॉक्टरांचं म्हणणं परत सांगितलं, चार वाजायची आठवण दिली, भुलीचं सांगितलं. हे सगळं त्यांना माहीत होतं. एकदा त्या घासापायीच तिचा जीव जाता जाता राहिला, पुन्हा नाही, एवढंच ते म्हणाले. आणि हवं तर तूच ठेव की घास, असं वर सुचवलं. आवाज चढलेला नव्हता. पण हा माणूस एकदा नाही म्हणाला की नाही, हे नयनाला पस्तीस वर्षांत पुरतं ठाऊक झालं होतं. तिने ओट्याची कड धरली.

"ते कणीस तुमच्या पानातलं नव्हतं," ती म्हणाली. "मी टाकलं होतं. प्रांजलीशी बोलता बोलता."

उमाकांतांचा पुसणारा हात थांबला. मग परत चालू झाला. कोरडं झालेलं ताट त्यांनी आणखी बराच वेळ पुसलं. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं, पण ओरडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. ताट फळीवर लावून ते आतल्या खोलीत निघून गेले. नयना मटकन खाली बसली. नऊ दिवसांचा सगळा शीण एकदम तिच्या पाठीत उतरला आणि तिला वाटलं, आता इथून आपल्याला कुणी उठवू नये.

आतल्या खोलीचं दार करकरलं. उमाकांत पाट घेऊन आले. त्यांनी तो जागेवर मांडला, खांद्यावरच्या टॉवेलने त्यावरची धूळ पुसली आणि भिंतीला धरून बसले.

"वाढ," ते म्हणाले.

"आत्ता तर जेवलात."

"तिचं वाढ. तिला चालेल तेच माझ्या पानात पाहिजे ना?"

नयनाने त्यांच्यापुढे ताट मांडलं, तसराळं उचललं आणि ती थबकली. "यात अंडं आहे."

उमाकांतांनी समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं.

"वाढ."

तिने वाढलं. ते सावकाश जेवले, नेहमी जेवत तसेच, प्रत्येक घास चावून. मधेच त्यांचा हात सवयीने ताटाच्या डाव्या कडेला मिठाकडे गेला आणि रिकामाच परत आला. शेवटी त्यांनी लिंबाएवढा घास कडेला ठेवला आणि ताट सरकवलं.

"घे."

मिरी उठली. कॉलर ताटावर आपटली, तशी नयनाने घाईने वाकून ती सोडवली. मिरीने घास हुंगला, उचलला आणि गिळला. नंतर तिने ताटाची ती कड चाटून काढली. नयनाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

पण एरवी घासानंतर तसराळ्याकडे वळणाऱ्या मिरीने आज तसराळ्यातलं हुंगून सोडून दिलं; तिला त्यांच्या पानातलंच हवं होतं. ती मागे सरकून पुन्हा उंबऱ्याशी बसली आणि उमाकांतांकडे बघू लागली. एका जेवणाला शेवटचा घास एकच, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, तेव्हा आता निस्तरणंही त्यांनाच भाग होतं. त्यांनी ताट नयनाकडे सरकवलं. दुसऱ्यांदा वाढून झालं, तिसऱ्यांदा झालं. त्यांच्या पोटात आधीच दोन भाकरी होत्या. त्यांचे घास लहान होत गेले आणि कडेला ठेवायचा घास मोठा होत गेला. चौथ्या वेळेला त्यांना घाम फुटला होता, पण मिरीने संत्र्याएवढा भात संपवला आणि जिभल्या चाटल्या.

भिंतीला धरून ते उठले.

"आता तू बस," ते म्हणाले.

थोडं टेक, असं ते म्हणत आहेत असं तिला आधी वाटलं. पण ते पाटाकडे बोट दाखवत होते.

"माझ्या पानातलं ती नाही घ्यायची," नयना म्हणाली. नऊ वर्षांत तिने कधी घास ठेवलाच नव्हता.

उमाकांतांनी ताट विसळलं, डाव हातात घेतला आणि तिला वाढलं. ती पाटावर बसली. नऊ दिवस शिजवत होती ते अन्न तिने पहिल्यांदाच तोंडात घातलं. अळणी, गिळगिळीत, कशाचीच चव नाही. तरी दुसऱ्या घासाला तिला कळलं की आपल्याला फार भूक लागली आहे. ती ताट संपवत आली, घास कडेला ठेवला आणि ताट पुढे सरकवलं. म्हणायचा शब्द तिला माहीत होता, पण तो तोंडातून निघेना.

मिरी आली. तिने घास हुंगला, पण खाल्ला नाही. मान वर करून ती उमाकांतांकडे बघत राहिली.

उमाकांत ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी मिरीकडे बघितलं, मग कणसाचं ऐकल्यापासून पहिल्यांदाच नयनाकडे बघितलं, बराच वेळ.

"घे," ते म्हणाले.

मिरीने मान खाली घातली आणि नयनाच्या ताटातला घास खाल्ला.